स्वस्तातला ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प : घ्यावा कसा, वाजवावा कसा

इलेक्ट्रिक गिटार घरी आली की आठवड्याच्या आत कोणीतरी अनुभवी मित्र सांगून जातो, 'खरा टोन हवा असेल तर ट्यूब अ‍ॅम्पच घे, बाकी सगळी खेळणी.' मित्र अगदीच खोटं बोलत नाही. पण त्याचं ऐकून काही जण ऐपतीबाहेरचा ट्यूब अ‍ॅम्प हप्त्यांवर आणतात आणि शेजाऱ्यांच्या धाकानं त्याचं बटण कधी दोनच्या पुढे नेत नाहीत. काही जण परवडणारा छोटा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प आणतात आणि 'सध्या यावर भागवू' म्हणत वर्षानुवर्षं त्याच्यावर नाराज राहतात. मला हे दुसरं जास्त खटकतं. आठ-दहा हजारांतला सॉलिड स्टेट, म्हणजेच ट्रान्झिस्टर, अ‍ॅम्प चांगला सोबती आहे, फक्त त्याच्याकडे काय मागायचं ते ठाऊक हवं. त्याच्याकडे स्वच्छ आवाज मागावा. फाटलेला आवाज हवा असेल तर तो दुसरीकडून आणावा. खरेदीपासून बटणं फिरवण्यापर्यंत सगळं या एका गोष्टीवर ठरतं.

ट्यूब आणि ट्रान्झिस्टर यांच्यातला फरक ऐकू येतो तो मुख्यतः अ‍ॅम्पची ताकद संपते तिथे. ट्यूबवर भार वाढत गेला की ती हळूहळू दबत जाते. आवाजाच्या लाटेची टोकं गोलसर होतात, आणि ही विकृती कानाला गोड लागते. ट्रान्झिस्टरचं तसं नाही. मर्यादा येईपर्यंत तो सरळ, इमानदार वागतो आणि मर्यादा आली की लाटेचं टोक कापल्यासारखं सपाट होतं. त्यातून वरच्या पट्टीतले कर्कश स्वर निघतात. म्हणून ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प त्याच्या ताकदीच्या शेवटापर्यंत ताणायचा नसतो. त्या मर्यादेच्या आत मात्र त्याचा मोठा गुण दिसतो : हळू वाजवा की जोरात, आवाजाचा पोत जवळपास तोच राहतो. ट्यूब अ‍ॅम्प फुलायला तो मोठ्यानं वाजवावा लागतो. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला तशी गरज नसते, आणि दीड खोलीच्या घरात राहणाऱ्याला याहून मोठी सोय दुसरी नाही.

त्याला दुसराही एक गुण आहे, जो शिकणाऱ्यांना सुरुवातीला अवगुण वाटतो. हा अ‍ॅम्प काही लपवत नाही. ट्यूब दबते तेव्हा जोराचा आणि हलका आघात एकमेकांच्या जवळ येतात आणि वाजवणाऱ्याचा असमान हात झाकला जातो. ट्रान्झिस्टरच्या स्वच्छ चॅनेलवर प्रत्येक अडखळलेली तार, अर्धवट दाबलेला बार कॉर्ड, उशिरा पडलेला स्ट्रोक जसाच्या तसा ऐकू येतो. रियाजासाठी हे औषध कडू खरं, पण लागू पडतं. डिस्टॉर्शनच्या ढगात वर्षभर वाजवलेली मुलं स्वच्छ चॅनेलवर आली की त्यांचा डावा हात किती कच्चा राहिलाय ते दोन मिनिटांत कळतं.

'व्यावसायिक मंडळी असले अ‍ॅम्प वापरत नाहीत' हा समज तर सोडूनच द्या. रोलँडचा जेसी-१२० म्हणजे जॅझ कोरस १९७५ साली आला. संपूर्ण ट्रान्झिस्टर, १२० वॉट, बारा इंचांचे दोन स्पीकर. त्याचा कोरस सुरू केला की एक स्पीकर साधा आवाज देतो आणि दुसरा किंचित हेलकावणारा, आणि दोन्हींची मिसळ खोलीच्या हवेत होते. तो आजही बनतो. द क्युअरसारख्या बँडनं त्यावर आपला पाणीदार आवाज उभा केला. मेटालिकासारख्या कर्कश म्हणवल्या जाणाऱ्या बँडच्या जेम्स हेटफिल्डनंसुद्धा संथ, स्वच्छ भागांसाठी तोच अ‍ॅम्प निवडला. बी. बी. किंग कित्येक वर्षं गिब्सनच्या लॅब सिरीजमधल्या एल-५ वर वाजवत असे, तोही ट्रान्झिस्टरचाच. जॅझमध्ये जो पास पॉलिटोनचे छोटे ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प वापरायचा. डॉ. फीलगुडच्या विल्को जॉन्सनचा करवतीसारखा तुटक ऱ्हिदम एचएच या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पमधून यायचा. पँटेराच्या डाइमबॅग डॅरेलला तर ट्रान्झिस्टरचा तो धारदार काप हवाच होता; रँडलच्या सॉलिड स्टेट अ‍ॅम्पवर त्यानं अख्खी शैली घडवली. हे अ‍ॅम्प स्वस्तातले नव्हते हे मान्य. पण त्यांचं तत्त्व तुमच्या दहा वॉटच्या डब्यातलंच.

मग ट्रान्झिस्टरची बदनामी आली कुठून? बरीचशी सुरुवातीच्या मालामुळे. फेंडरनं १९६६ साली सॉलिड स्टेट अ‍ॅम्पची मालिका काढली. ते अ‍ॅम्प बिघडायचे, आवाजही कोरडा होता, आणि काही वर्षांतच ती मालिका बंद पडली. ते तंत्र तेव्हा नवं होतं. आज तशी स्थिती नाही, पण ऐकीव मत पुढच्या पिढीकडे वारशासारखं जातं. गंमत अशी की ट्यूबच्या भक्तांच्या पायाशी हमखास सापडणारं हिरवं पेडल, आयबानेझचं ट्यूब स्क्रीमर, त्यात एकही ट्यूब नाही. एक छोटी ऑप-अ‍ॅम्प चिप आणि दोन डायोड त्याचा सगळा गोडवा तयार करतात. म्हणजे चांगला फाटलेला आवाज सिलिकॉनमधून निघू शकतो. छोट्या अ‍ॅम्पमध्ये तो काटकसरीनं केलेला असतो, एवढंच.

आता दुकानात जाऊ. पहिला गोंधळ वॉटचा. दहा वॉटऐवजी वीस वॉटचा घेतला की आवाज दुप्पट होईल असं वाटतं, पण तसं होत नाही. ताकद दुप्पट केली की आवाज फक्त तीन डेसिबलनं वाढतो, म्हणजे फरक जाणवतो पण फार नाही. कानाला 'दुप्पट' वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. स्पीकर किती कार्यक्षम आहे यानंही तेवढाच फरक पडतो. तीन डेसिबल जास्त कार्यक्षम स्पीकर म्हणजे फुकटात दुप्पट झालेले वॉटच. म्हणून दहाचा की पंधराचा यावर डोकं शिणवू नका, स्पीकर पाहा. पाच-सहा इंचांचा स्पीकर आणि आठ इंचांचा स्पीकर यांत मोठा फरक आहे. छोट्या स्पीकरच्या छोट्या पेटीत खालची तार पोकळ, डबा वाजल्यासारखी येते. घरी सरावाला माझी निवड आठ इंची स्पीकरचा दहा ते वीस वॉटचा अ‍ॅम्प. ड्रम्सबरोबर वाजवायचं असेल तर मात्र गणित बदलतं. ट्यूबचे पंधरा वॉट बँडमध्ये निभावतात, कारण ते फाटले तरी गोड लागतात. ट्रान्झिस्टरला स्वच्छ राहायचं तर मोकळी ताकद हाताशी हवी, त्यामुळे पन्नास वॉटच्या वरचा आणि बारा इंची स्पीकरचाच पाहा. पीव्हीचा बँडिट हा या वर्गातला जुना, भरवशाचा गडी. सेकंडहँड मिळाला तर सोडू नये.

अ‍ॅम्प ऐकताना स्वतःची गिटार घेऊन जा. दुकानातल्या महागड्या गिटारवर कोणताही अ‍ॅम्प देखणा वाटतो. मुंबईत धोबीतलावच्या फुर्टाडोससारख्या मोठ्या दुकानांत बसून वाजवू देतात, तिथे संकोच करू नका. विक्रेता हौसेनं गेन वाढवून दाखवेल. त्याला थांबवा. स्वच्छ चॅनेल, सगळी टोनची बटणं मध्यावर, रिव्हर्ब बंद. आधी सहाही तारांचा एक उघडा कॉर्ड छेडून विरेपर्यंत ऐका. तारा वेगवेगळ्या कळतात का? विरताना शेवटी खरखर येते का? मग खालच्या तारेवर एकेक पडदा चढत जा. एखादाच स्वर अचानक फुगत असेल तर ती पेटीची गुंज आहे, आणि ती पुढे रोज छळेल. गिटारचा आवाज शून्यावर आणून अ‍ॅम्पचा वाढवा आणि सूंऽऽ किती येतं ते ऐका. व्हॉल्यूमचं बटण अगदी हळू फिरवा. काही स्वस्त अ‍ॅम्प शून्य ते दोनच्या मधेच सगळा आवाज देऊन बसतात. घरात वाजवायला असलं बटण म्हणजे वैताग. शेवटी केबल लावलेल्या जागी ती थोडी हलवून पाहा. जॅक प्लास्टिकचा, थेट सर्किट बोर्डावर बसवलेला आणि हलणारा असेल तर तोच आधी मरणार.

या सगळ्यानंतर, वाटलंच तर, डिस्टॉर्शनचं बटण दाबा. त्यावर निवड करू नका.

बाजारात मार्शलचे एमजी, फेंडरचे फ्रंटमन, ऑरेंजचे क्रश हे या किमतीच्या आसपासचे नेहमीचे चेहरे. ऑरेंजचा क्रश २० मला यांत सगळ्यात मोकळा वाटतो. त्याचं सर्किट साधं, अ‍ॅनालॉग आहे, आणि पुढे पेडल लावलं तर तो कुरकुर करत नाही. बॉसचा कटाना किंवा ब्लॅकस्टारचा आयडी कोर हेही ट्यूबशिवायच चालतात, पण त्यांच्यात डिजिटल मॉडेलिंग असतं, म्हणजे आत एक छोटा संगणक वेगवेगळ्या अ‍ॅम्पची नक्कल करतो. नक्कल चांगली असते, कटानाची तर फारच. तरी नवशिक्याला मी साधा अ‍ॅम्प सुचवेन. पर्याय पन्नास मिळाले की संध्याकाळ ते चाळण्यात जाते आणि गिटार मांडीवर नुसती बसून राहते.

आपल्याकडे आणखी एक प्रकार सर्रास विकला जातो : गिटार, माइक, कीबोर्ड, मोबाइल सगळं एकातच लावायचा क्यूब. इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटारवाल्यांनी, भजनी मंडळात किंवा सोसायटीच्या कार्यक्रमात गाऊन-वाजवणाऱ्यांनी तो खुशाल घ्यावा. किंबहुना त्यांनी तोच घ्यावा, कारण इलेक्ट्रिक गिटारच्या अ‍ॅम्पवर अकूस्टिकचा आवाज मंद, कोंदट येतो. गिटार स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर फारसं काही देतच नाही. पण डिस्टॉर्शन वाजवायचं असेल तर हाच क्यूब त्रास देतो. त्यातला ट्वीटर फाटलेल्या आवाजातली सगळी किरकिर इमानेइतबारे बाहेर फेकतो. घरच्या म्युझिक सिस्टिमला गिटार जोडल्यावर मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखा आवाज येतो, त्याचंही कारण हेच. गिटार स्पीकरचं बहिरेपण हा दोष नव्हे. निम्मा टोन त्यातच आहे. हवाईयन गिटारवर जुनी फिल्मी गाणी वाजवणाऱ्यांना मात्र डिस्टॉर्शनशी घेणंदेणं नसतं. त्यांना मींड शेवटपर्यंत एकसंध ऐकू यायला हवी, आणि स्वच्छ ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प त्या कामाला बनवल्यासारखा आहे.

घरी आणल्यावर पहिलं काम : अ‍ॅम्प जमिनीवरून उचला. फरशीवर, भिंतीला टेकून ठेवलेला अ‍ॅम्प खर्ज फुगवतो, आणि तुमचे कान स्पीकरच्या रेषेत नसल्यामुळे वरचे स्वर तुमच्यापर्यंत पोचत नाहीत. मग तुम्ही ट्रेबल वाढवता, आणि पलंगावर बसलेल्या भावाच्या कानात सुया टोचतात. खुर्चीवर ठेवा, भिंतीपासून हातभर पुढे, तोंड थोडं वर. नुसत्या एवढ्यानं आवाज ओळखू येणार नाही इतका सुधारतो.

टोनसाठी बास कमी ठेवा, मध्याच्याही खाली. आठ इंची स्पीकरला खर्जाचं ओझं झेपत नाही, ताकद तिथेच संपते. मिडल वाढवा. गिटार राहते ती मधल्या पट्टीत, आणि एकट्यानं वाजवताना जे नाकातलं वाटतं तेच बँडमध्ये ऐकू येतं. काही अ‍ॅम्पवर 'कंटूर' किंवा 'शेप' नावाचं बटण असतं. ते फिरवलं की मधली पट्टी खोल जाते. खोलीत भारदस्त, स्टेजवर बेपत्ता. हळू वाजवताना कानाला खर्ज आणि तार दोन्ही कमी ऐकू येतात, त्यामुळे रात्रीचं सेटिंग सकाळी मोठ्या आवाजात जसंच्या तसं चालणार नाही. पुन्हा जुळवावं लागेल. रिव्हर्ब थोडा. तो हवाच, कारण कोरडा ट्रान्झिस्टर आवाज छोट्या खोलीत फार जवळ येऊन बसतो.

अ‍ॅम्पचं स्वतःचं डिस्टॉर्शन वापरायचं असेल तर गेन निम्म्याच्या आत, ट्रेबल उतरवलेला, आणि गिटारचं व्हॉल्यूम सातच्या आसपास. गेन जितका कमी तितका आवाज दाट, हे ऐकून पटत नाही, करून पाहिलं की पटतं. पण खरा उपाय पेडल. स्वच्छ चॅनेल लावा, आणि पुढे एक ओव्हरड्राइव्ह किंवा डिस्टॉर्शन पेडल जोडा. बॉसचं केशरी डीएस-१ हे १९७८ पासून बनतंय आणि कर्ट कोबेननं वापरलेलं आहे. दोन-चार हजारांत सेकंडहँड मिळून जातं. मोकळी ताकद असलेला अ‍ॅम्प पेडलचा आवाज न बिघडवता पुढे देतो. पेडलवरचा टोन मात्र आधी निम्म्याच्या खाली आणा. उद्या मोठा अ‍ॅम्प घेतलात तर पेडल तुमच्याबरोबर येईल, म्हणजे तो पैसा वाया जात नाही. त्यापुढे पेडल गोळा करत सुटणाऱ्यांना वाचवणं कोणाच्याच हातात नाही.

शेजाऱ्यांचं काय? आपल्या कायद्यात रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र मोजायची ती दहा ते सहा. दहा वॉटचा अ‍ॅम्प ही मर्यादा हसत हसत ओलांडतो. म्हणून हेडफोनचा जॅक असलेलाच घ्या आणि तो लावल्यावर स्पीकर आपोआप बंद होतो ना, ते पाहा. हेडफोनमधून डिस्टॉर्शन अगदीच किरकिरं येत असेल तर त्या अ‍ॅम्पमध्ये स्पीकरच्या आवाजाची नक्कल करणारं सर्किट नाही असं समजा. तिथे स्वच्छ आवाजावरच रियाज करा. गाण्याबरोबर वाजवायला मोबाइल जोडण्याची सोय असेल तर उत्तम, या किमतीत ती बहुधा असते.

विजेबद्दल मात्र हयगय नको. परदेशातून कोणी अ‍ॅम्प आणणार असेल तर मागे लिहिलेलं व्होल्टेज आधी फोटोत मागवून पाहा. अमेरिकेतला १२० व्होल्टचा अ‍ॅम्प आपल्या २३० व्होल्टला थेट लावला की गेलाच. तीन पिनांचा प्लग असेल तर त्याला तीन पिनांचंच सॉकेट द्या. जुन्या चाळींत, वाड्यांत अर्थिंग नावापुरतं असतं. तारांना हात लावला की गुणगुण कमी होणं हे गिटारमध्ये नेहमीचं आहे, पण हाताला झिणझिण्या येत असतील तर वाजवणं तिथेच थांबवून इलेक्ट्रिशियनला बोलवा. डिमर, ट्यूबलाइट, स्वस्त चार्जर हे सूंऽऽ आवाजाचे नेहमीचे उगम. अ‍ॅम्पला नावं ठेवण्याआधी ते बंद करून पाहा.

बाहेरचा मोठा स्पीकर जोडायची सोय असेल तर कमीत कमी किती ओहम चालतात ते मागे लिहिलेलं असतं. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला जास्त ओहम चालतात, फक्त ताकद कमी मिळते. चारऐवजी आठ ओहमला साधारण निम्मी. कमी ओहम मात्र चालत नाहीत, आउटपुट जळतं. ट्यूब अ‍ॅम्पची तऱ्हा वेगळी आहे, तो स्पीकरशिवाय चालू ठेवला तर त्याचा ट्रान्सफॉर्मर धोक्यात येतो. आणि स्पीकरची तार कधीही मिक्सरला नेऊ नका. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्यांकडून घाईगर्दीत हे होतं. लाइन आउट असेल तर तो वापरा, नसेल तर स्पीकरसमोर माइक लावा. माइकचा आवाज बहुधा जास्त चांगलाच येतो.

देखभाल जवळपास शून्य. ट्यूब काही वर्षांनी बदलाव्या लागतात. आज गिटार अ‍ॅम्पच्या ट्यूब मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये बनतात, म्हणजे किंमत आणि उपलब्धता दोन्ही आपल्या हाताबाहेर. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पमध्ये झिजण्यासारखं थोडंच असतं. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात बटणं खरखर करू लागतात. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून ती वीसेक वेळा इकडून तिकडे फिरवली की बरीचशी गप्प होतात. आवाज येत-जात असेल तर बहुतेक वेळा जॅकचं सोल्डर तडकलेलं असतं, आणि रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा कोणीही ते पाच मिनिटांत जोडून देतो. पुष्कळ छोट्या अ‍ॅम्पमध्ये ताकदीचं सगळं काम टीडीए-२०३० सारखी एकच चिप करते. ती जळली तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत थोडक्या पैशांत मिळते. नकली चिपा पुष्कळ आहेत, तेव्हा ओळखीच्या दुकानातून घ्या. नवी चिप हीटसिंकला नीट आवळल्याशिवाय अ‍ॅम्प सुरू करू नये, आणि प्लग काढल्याशिवाय झाकण उघडू नये.

सेकंडहँड अ‍ॅम्प घ्यायला जाल तेव्हा तो किमान अर्धा तास चालू ठेवून वाजवा. गरम झाल्यावर तडकलेलं सोल्डर उघडं पडतं, थंड असताना सगळेच अ‍ॅम्प सज्जन असतात. पुढची जाळी टॉर्चनं पाहून स्पीकरचा कागद फाटलेला नाही याची खात्री करा. पेटी हलवून आत काही खुळखुळतं का ते ऐका. विकणारा 'फक्त बटण खरखरतं' म्हणाला तर तेवढ्यासाठी नाही म्हणू नका, पण भाव मात्र उतरवून घ्या.